मेंढ्या नानासोकाकांच्या रानात कशा बसल्या

तीर्थरूप चंदनबाला आत्या यांच्या चरणी त्यांच्या पाठच्या भावाची थोरली लेक ब्राह्मी हिचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेलच. गुडघ्यांना तेल लावता, की नुसतं शेजारणींना लावायला सांगता? मामांचं बीपी, मामांचं चार भिंतींच्या टेकडीपर्यंतचं सकाळचं फिरणं आणि फिरून येताना खाल्लेली भजी (त्यांना वाटतं तुम्हाला माहीत नाही) हे सगळं पूर्वीसारखंच चालू असावं. इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य पत्रात घालायचं असतं म्हणून घातलंय, क्षेम नक्की किती ते पुढे कळेलच. आता चार ओळी अहो-जाहो झालं, तेवढा मान पुरे. यापुढे मी नेहमीसारखं तू म्हणणार, कारण एवढं सगळं ‘तुम्ही’ला सांगायचं म्हटलं तर जीभ अडखळते. आणि हो, फोन न करता पत्र का, असं तुला वाटलं असेल. तुझा फोन मामा उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. मेसेज केला तर तो मोठ्यानं वाचून ‘आपला परिवार’ ग्रुपवर पाठवतात. मागच्या वर्षी मला कांजिण्या आल्याचं परिवारातल्या त्रेसष्ट माणसांना फोटोसकट कळलं होतं. म्हणून हे पत्र हळदीच्या पिशवीत खाली दाबून अरिहंतदादाच्या टेम्पोतून पाठवतेय. हळद तू स्वतः डब्यात भरतेस, मामा तिला हात लावत नाहीत, हे मी विचार करूनच ठरवलंय.

आधीच सांगून ठेवते, या पत्रात एक मुलगा आहे. पण पत्र त्याच्याबद्दल नाही, पत्र मेंढ्यांबद्दल आहे. मुलगा मध्येमध्ये येतो, तो कुणी न बोलावता. माझ्या आयुष्यातही तो तसाच आला, त्यात माझा काही हात नाही.

पहिल्यांदा तो आला कुपवाडला. आपल्या विहिरीवरची मोटर बसली होती आणि आण्णांनी मला पंप घेऊन तिथल्या पंपाच्या कारखान्यात पाठवलं (धाकटा भाऊ, आपला अतिशय, त्या दिवशी ‘आजारी’ होता, म्हणजे क्रिकेटची मॅच होती). मी कारखान्याच्या फाटकात पोचले आणि नेमकी शिफ्ट सुटली. समोरून दोनशे गाड्या, आणि त्यांच्या तोंडाला मी, स्कूटीवर, पायात तो लोखंडी पंप. सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवले, मी एकदम दोन्ही ब्रेक दाबले आणि सांगली जिल्ह्यातल्या निम्म्या कामगारवर्गासमोर आडवी झाले. एक मुलगा धावत आला. त्यानं आधी स्कूटी उचलली, मग पंप उचलला, पंप कानाशी हलवून बघितला आणि म्हणाला, “ह्याला काय झालं न्हाई बघा.” मी अजून रस्त्यावरच बसलेली होते, आत्या. मग त्याच्या लक्षात आलं की तिसरीही एक वस्तू पडलीय. तो सूरज. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, आणि उरलेल्या वेळात त्या कारखान्यात काम. पंप त्यानंच दुरुस्त केला आणि तो अजून एकदाही बंद पडलेला नाही, हे मी फक्त माहिती म्हणून सांगतेय.

दुसऱ्यांदा तो आला तुझ्याकडे येताना, म्हणजे यातली थोडी जबाबदारी तुझीही. मी दिवाळीला साताऱ्याला येत होते तेव्हा एसटी उंब्रजच्या अलीकडे बंद पडली होती, आठवतं? तू फोनवर विचारत होतीस की सोबत कोण आहे आणि मी म्हणाले बायका आहेत. बायका होत्याच. पण शेजारच्या सीटवर सूरजही होता, उंब्रजला दिलेल्या माया नावाच्या बहिणीला दिवाळीसाठी माहेरी न्यायला निघालेला. हायवेच्या कडेला दोन तास बसलो. त्यानं डबा उघडून भाकरी आणि कांद्याचा झुणका माझ्यापुढे केला, मी नको म्हटलं, आणि त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं मी त्याच्या घरचं खात नाही. मला काय वाटलं ते सांगून उपयोग नाही, पण मी घाईघाईनं सांगायला लागले की आमचा चातुर्मास दिवाळीला संपतो, त्याला अजून दोन दिवस आहेत, तोवर जमिनीखालचं काही चालत नाही. त्यानं नीट विचारपूस केली. कांदा? नाही. लसूण? नाही. बटाटा? नाही. गाजर, मुळा, रताळं? नाही, नाही, नाही. शेवटी विचारलं, “आणि हळद?” आता आपण पिढ्यान् पिढ्या हळद पिकवणारी माणसं. मी म्हटलं, वाळवलेली चालते. तो म्हणाला, “तुमच्या घरात जेवायचं म्हंजी परीक्षाच हाय की.” मग झुणका बाजूला ठेवून त्यानं स्वतःही नुसती कोरडी भाकरी खाल्ली. कुणी सांगितलं नव्हतं. निम्मी मला दिली. (तू त्या दिवशी विचारलंस, जेवत का नाहीस? तर भूक नव्हती त्याचं कारण हे.)

आता मेंढ्या. तुला साताऱ्याला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, पण आपल्या रानात मेंढ्या बसवतात ते विसरली नसशील. हळद काढून रान मोकळं झालं की वडूजकडचे ज्योतिबा बाबा आणि धोंडुबाई कळप घेऊन येतात, वाघर लावतात (तू लहानपणी त्या जाळीत वेणीसकट अडकली होतीस म्हणे) आणि तीन दिवस मेंढ्या आपल्या रानात मुक्कामाला. त्यांच्या लेंड्यांवर आपली पुढची हळद, आणि बदल्यात बाबांना आपलं धान्य. आजोबांच्या वेळेपासून हेच बाबा, हीच वाट. पिशवीतल्या युरियावर आण्णांचा नसेल एवढा विश्वास बाबांच्या मेंढ्यांवर.

यंदा ते आले तेव्हा आण्णा तुझ्याकडे शांतिविधानाच्या पूजेला आलेले होते. दोन दिवसांचे पाच दिवस झाले ते तुझ्या आमरसामुळे, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. आण्णांनी फोन केला, बाबांना खालचं रान दाखव. एवढंच काम. खालचं रान दाखव. मी बांधावर गेले तेव्हा दिवस बुडायला आला होता आणि घरातून आईच्या हाका सुरू होत्या, कारण दिवस बुडाला की आपल्याकडे ताट बंद, आणि उपाशी राहिलेली मुलगी रात्रभर आईचं डोकं खाते. आणि बाबांच्या शेजारी, खांद्यावर एक कोकरू टाकून, सूरज उभा. आज्जा-आज्जीला औषधं द्यायला आला होता. ज्योतिबा बाबा त्याचे आजोबा आहेत हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मी पाच वर्षांची असल्यापासून ज्यांच्या घोडीला गूळ खाऊ घालतेय त्यांचाच हा नातू, आणि मी त्याला कुपवाडच्या रस्त्यावर पडून भेटले. तो म्हणाला, “पंप चालतोय न्हवं?” आणि मी त्याच्याकडे बघत हात केला. हात कुठे गेला ते मी बघितलं नाही. तो खाली न जाता डावीकडे गेला. डावीकडे नानासोकाकांचं रान आहे.

नानासोकाका म्हणजे तुझ्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा, तू त्यालाही राखी बांधतेस, तेव्हा त्याची ओळख मी करून देत नाही. पण आण्णांचं आणि त्याचं कसं आहे याची आठवण करून देते, कारण तू आलीस की दोघंही तुझ्यापुढे गरीब गाय होतात. अकरा वर्षं बोलणं नाही. कुणी कुणाचा बांध कोरला यावरून. पर्युषण संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी आण्णा सगळ्या गावाला हात जोडून क्षमा मागतात, पिठाच्या गिरणीवाल्यापासून लाइटबिलाच्या माणसापर्यंत, आणि समोरून नानासोकाका आला की त्यांना चपला सापडेनाशा होतात. काकाचंही तेच. एका वर्षी दोघं एकाच वेळी चपला शोधत वाकले आणि डोकी आपटली, तरी कुणी ‘लागलं का’ म्हटलं नाही.

त्या माणसाच्या रानात बाबांच्या अडीचशे मेंढ्या तीन दिवस बसल्या. आमच्या धान्यावर. मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोंडातला घास तोंडात राहिला.

आणि चौथ्या दिवशी आण्णा आले. एसटीतून उतरले तर थांब्यावर नानासोकाका उभा, डोळ्यांत पाणी. त्यानं एकदम मिठी मारली. आण्णांना वाटलं काकाच्या घरात कुणीतरी गेलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “धीर धर गड्या, सगळ्यांनाच जायाचं हाय.” काका आणखीच रडला. घरी येतात तर काकाच्या घरच्या क्रांतीकाकू ओट्यावर, पुढ्यात डबाभर हुग्गी (खपली गव्हाची खीर, तूप सोडलेली, मी तीन वाट्या खाल्ल्या, दुःखातही). काकू म्हणाल्या, भावजींनी आपलं रान उपाशी ठेवून आमच्या रानाला खत दिलं, एवढं मोठं मन आम्ही ओळखलंच नाही. तेव्हा कुठे आण्णांना कळलं की आपलं मन मोठं झालेलं आहे. आता ते लहान कसं करणार? दुसऱ्या दिवशी बस्तीच्या देवळात पूजेनंतर पंडितांनी त्यांचं नाव घेऊन सांगितलं की क्षमा कशी असावी तर धनपालसारखी. आण्णा हात जोडून उभे होते आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लोकांना वाटलं संकोच. मला माहीत होतं, तो संताप आहे.

इथपर्यंत तू हसत असशील. मीही हसले होते. पुढचं हसण्यासारखं नाही.

घरी आल्यावर आण्णांनी ज्योतिबा बाबांना बोलावून विचारलं, “बाबा, रान कसं चुकलं?” मी दाराआड होते. आत्या, बाबांनी त्या संध्याकाळी मला विचारलं होतं. हात डावीकडे गेल्यावर त्यांनी स्वच्छ विचारलं होतं, “पोरी, ते नानासोचं न्हवं?” आणि मी म्हणाले होते, “व्हय, तेच.” न ऐकता म्हणाले होते. त्यांना वाटलं भावाभावांचा समेट झाला, आणि म्हातारा खुशीत मेंढ्या घेऊन गेला. आता आण्णांपुढे ते एवढंच सांगू शकले असते. पण मग पोरीचं ध्यान कुठे होतं हा प्रश्न आला असता, आणि तिथं उभा होता त्यांचा नातू. माझं नाव त्याच्या नावाला लागू नये म्हणून ते म्हणाले, “मालक, माज्याच डोळ्याचा दोष. दिस बुडताना दिसलं न्हाई.” आण्णा जेवताना आईला म्हणाले, म्हातारा थकला, पुढच्या साली जतकडचा दुसरा कळप सांगू.

मी तेव्हाही गप्प बसले. भाताची शितं मोजत बसले. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सूरज रस्त्यात भेटला, थांबला, आणि फक्त म्हणाला, “माजा आज्जा समोरच्या डोंगरावरली मेंढी कुणाची ते इथनं सांगतो. त्यो आंधळा न्हाई.” आणि गेला. तेव्हापासून बोलत नाही. बोलू नये तेच बरोबर आहे.

गावातल्या बाकीच्या रानांतला मुक्काम संपवून शनिवारी कळप परत वडूजला निघतो. बाबा ‘पुढच्या साली या’ न ऐकता गेले तर परत येणार नाहीत, ते मानी आहेत. आणि मी खरं सांगितलं तर अकरा वर्षांनी जुळलेले दोन भाऊ पुन्हा तुटतील, काकूंची हुग्गी बंद होईल, आणि माझं काय होईल ते तर विचारूच नकोस. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. तूच शहाणी आहेस म्हणून लिहिलं.

मामांना नमस्कार, पण त्यांना पत्र दाखवू नकोस. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी लाडकी (होते तोपर्यंत)
ब्राह्मी
गुरुवार, दुपार

ता.क. : पत्र मिळाल्याबरोबर आण्णांना फोन करून असं सांग की, ‘धनपाल, मीच ज्योतिबा बाबांना निरोप दिला होता, यंदा मेंढ्या नानासोच्या रानात बसवा म्हणून.’ तू दोघांचीही बहीण. तुला आण्णा एक शब्द बोलणार नाहीत, तुझ्यापुढे त्यांचा आवाजच निघत नाही. बाबांचे डोळे शाबूत, समेट शाबूत, मी शाबूत. खोटं बोलायचं पाप लागेल, पण तू वर्षाला इतके उपवास करतेस, त्यातला एखादा माझ्या नावावर टाक.

आणखी एक ता.क. : जूनपासून सूरज साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागतोय असं ऐकलं. मलाही अलीकडे असं वाटायला लागलंय की बीएस्सीच्या पुढच्या दोन वर्षांना साताऱ्याची हवा जास्त मानवेल. तुझी गच्चीवरची खोली रिकामीच आहे ना? या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, एकाच पेननं लिहिल्या एवढंच.

शेवटचा ता.क., शनिवार दुपार : अरिहंतदादाचा टेम्पो आज संध्याकाळपर्यंत गॅरेजला असल्यामुळे पत्र अजून पिशवीतच आहे आणि वरचं काहीच आता उपयोगाचं राहिलं नाही. तो फोन करू नकोस. मी खरं बोलून बसले.

झालं असं की सकाळी धोंडुबाईंनी घोडीवर सामान लादलं, सूरजनं घोडीची दोरी धरली, आणि बाबा दरवर्षीसारखे निरोप घ्यायला दारात आले. आण्णांनी धान्याचं पोतं दिलं आणि म्हणाले, “बरं.” पुढचं वाक्य नाही. बाबा ते ऐकायला थोडे थांबले. मान खाली घालून, हातात टोपी, एवढा मोठा माणूस. नानासोकाका ओट्यावर चहा पीत होता (आता रोज येतो). माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. म्हणाले, “आण्णा, बाबांनी विचारलं होतं. मीच हो म्हणाले. त्यांचे डोळे चांगलेत, माझं लक्ष नव्हतं.”

काकानं कप खाली ठेवला. “म्हंजी धनपाल, तू न्हाई धाडलीस मेंढरं?” आण्णा म्हणाले, “न्हाई.” काका म्हणाला, मग चार दिवस मी गावभर तुझी आरती ओवाळत फिरलो ती फुकटच. आण्णा म्हणाले, मी सांगितलं होतं ओवाळायला? आणि मग सुरू झालं, आत्या. बांध तू कोरलास, आधी तू, तुझ्या बैलानं, तुझ्या ट्रॅक्टरनं. अकरा वर्षांचं सगळं एका दमात. समोरच्या बस्तीतून पंडित बाहेर येऊन बघायला लागले. मी रडायच्या बेतात होते, तर आई चहाचा दुसरा ट्रे घेऊन आली आणि माझ्या कानात म्हणाली, “मधी पडू नगंस. अकरा वर्सांनी बोलाय लागल्यात.” आणि खरंच, भांडता भांडता दोघांनी तो चहा घेतला. शेवटी काका उठला आणि बाबांना म्हणाला, “घोडी सोडा. अजून तीन दिस ह्याच्या रानात मेंढरं बसूद्यात, धान्य माजं. ह्याचं उपकार नगंत मला.” उद्या सकाळी पुन्हा येतो, अजून बोलायचं राहिलंय, असंही म्हणाला.

मग आण्णा बाबांपुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, “चुकलं माजं. पुढल्या साली वाट बघतो.” बाबांनी टोपी डोक्यावर घातली. म्हणाले, “मालक, मला रानं कळत्यात. मान्सं कवा गोड हाईत न् कवा न्हाईत, तेवढं कळत न्हाई.”

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण आण्णा माझ्याकडे वळले. “बाबानं इचारलं तवा तुजं ध्यान कुठं हुतं?”

ओट्यावर काका, दारात आई, रस्त्यावर पंडित आणि निम्मी आळी. सांगण्यासारखी दहा उत्तरं होती, आई हाका मारत होती हे तर खरंच होतं. पण एका म्हाताऱ्याला चार दिवस आंधळा ठरवून झालं होतं, आता आणखी खोटं माझ्याच्यानं होईना. मी म्हणाले, “सूरजकडं.”

त्याच्या हातातली दोरी सुटली. घोडी आईची जास्वंद खायला लागली, कुणी तिला हाकललं नाही. पहिल्यांदा धोंडुबाई हसल्या, तोंडावर पदर घेऊन. आण्णा हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. खाली बसले आणि एवढंच म्हणाले, “आक्काला बोलावून घे.”

तेव्हा ये, आत्या. आपल्या घरात आणि त्याच्या घरात काय काय अंतर आहे त्याची यादी माझ्याकडे आहे, ती तू आणू नकोस. आणि कुणी लगेच लग्नाचं बोलू नका, मला अजून बीएस्सी व्हायचंय आणि त्यानं तर मला अजून साधं ‘लागलं का’ असंही विचारलेलं नाही. मी घाबरलेय. पण म्हणाले त्याचा पश्चात्ताप होईल म्हणून सकाळपासून वाट बघतेय, तो काही होत नाही. कळप अजून तीन दिवस आहे, सूरजही आहे. तू मला फटके द्यायला आलीस तरी चालेल. फक्त आल्या आल्या आधी त्याच्याशी दहा मिनिटं बोल, आणि मग मला मार.